यादी करण्याआधी

अगं, नवं घर मांडते आहेस म्हणून चार गोष्टी सांगते. पर्यावरणाची काळजी तुला मनापासून आहे, याचा मला फार आनंद आहे. पण ती काळजी हल्ली दुकानात विकायला ठेवलेली असते. कमी वापरा म्हणणारी वस्तूसुद्धा आधी विकत घ्यावी लागते, ही त्यातली अडचण.

पिशवीचंच बघ. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी. मग सूत, विणकाम, रंगाई. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 साली हिशेब मांडला होता. तापमानवाढीचा भार एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी व्हायचा, तर सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. आठवड्यातून दोनदा मंडईत नेलीस तर सव्वा वर्ष झालं! म्हणून प्लास्टिक बरं असं मुळीच नाही. तुंबलेले नाले आणि गाईंची पोटं त्या हिशेबात नाहीत. अर्थ एवढाच, की एकच पिशवी फाटेपर्यंत वापरायची. प्रदर्शनात, लग्नात फुकट मिळणारी दहावी पिशवी हात जोडून परत करायची. जुन्या चादरीच्या शिवल्यास तर आणखी चांगलं. आणि दुकानदार 'कापडी' म्हणून देतो ती बारीक ठिपक्यांची पिशवी उजेडात धरून बघ. उभे-आडवे धागे दिसले नाहीत, तर बहुधा ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच.

बांबूच्या ब्रशचे केस बहुतेक वेळा नायलॉनचे असतात. मातीत पुरण्याआधी पकडीने उपटून काढ.

पाकिटावरच्या हिरव्या पानावर जाऊ नकोस. 'इको-फ्रेंडली' असं मोघम लिहिलं तर त्याचा खुलासा आणि पुरावा द्यावा, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा विचारायला संकोच कसला? 'कंपोस्टेबल' पिशवीवर आयएस 17088 हा क्रमांक शोध. तीसुद्धा मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजते, गॅलरीतल्या कुंडीत कुजेलच असं नाही.

घरात आहे ते आधी वापर, हे मी सगळ्या वस्तूंना लावते, फक्त फ्रिजला नाही. तो चोवीस तास चालतो, त्यामुळे फार जुना असेल तर खुशाल बदल. मात्र नुसते तारे मोजू नकोस. ते आकारमान धरून दिलेले असतात. मोठ्या पाच तारेवाल्याला लहान तीन तारेवाल्यापेक्षा जास्त वीज लागू शकते. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वाच. आणि जुना फ्रिज 'असू दे' म्हणून गॅलरीत चालू ठेवलास, तर बचत तिथेच संपली.

वास्तुशांतीला पाहुण्यांना तागाच्या पिशव्या वाटायचं तुझ्या मनात आहे, ते सोड. त्यांच्याही कपाटात त्या पडून असतील. पोटभर जेवायला घाल. पंगतीला माझी स्टीलची ताटं-वाट्या आदल्या दिवशी पाठवते; पत्रावळी मागवू नकोस.