केळीचं पान मिटलं, तर...

बाळा, वसईची वाडी आता तू बघणार म्हणतोस, तर हे गाठीला बांध.

१. भर दुपारी केळ मलूल दिसली की मोटरकडे धावू नकोस, आधी मातीत बोट खुपस — ओल असूनही पान लोंबत असेल, तर बहुधा नडतोय तो खार.

२. पानाला, विशेषतः खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारी रंध्रं असतात. दोन रक्षक पेशी पोटॅशियम आणि पाणी घेऊन फुगल्या की ती उघडतात. मुळाशी मीठ वाढलं की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं, पेशी सैलावतात, दार बंद — पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो. पान मिटलं, लोंगर खुंटला!

३. पोटॅश वेळेवर दे, पण क्लोराईडचं नको, सल्फेटचं — सोडियम मुळांपाशी पोटॅशियमची वाट अडवतो, त्यात क्लोराईडची भर कशाला?

४. विहीर एका दमात उपसू नकोस — आपल्याकडे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, वरचं संपलं की खालचं वर येतं. हावेने उपसा, खाडीला आवतण.

५. बावखलाचं तळं बुजवून पार्किंग करायचा विचार मनात आला, तर आधी मला भेट — पावसाचं पाणी तिथेच मुरतं आणि विहिरीला गोडवा देतं. बाकी बोलणं समोरासमोर.

६. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तपासून घे — जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मोजपट्टीत चालकता ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत निर्धोक, ३ च्या पुढे धोका. फरसबी तर ३ च्या आतच रुसते.

७. खारट पाणी पानांवर उडवू नकोस — पान मीठ थेट शोषतं, कडा करपतात.

८. आळ्यात पाचोळा पसर — उघडी माती सुकते, तसं मीठ वर चढतं.

९. जूनची पहिली हलकी सर आली म्हणून ठिबक लगेच बंद करू नकोस, हे तुझ्यासारख्या काटकसरीला पटणार नाही — ओलाव्याच्या कडेला साचलेलं मीठ तीच सर मुळाशी ढकलते. जोराचा पाऊस लागला की खुशाल बंद कर.

१०. खाडीवरच्या तिवराचं पान चाटून बघ, खारट लागेल — त्याच्या पानातल्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात. केळीला हे येत नाही, तिच्याकडून अपेक्षा ठेवू नकोस.

११. खाजणात भात लावणार असशील, तर उधाणाच्या आधी उघाडीची झडप हलवून बघ — अडकलेल्या झडपेतून भरती सरळ शेतात येते.