कॅच म्हणजे काय?



इंग्रजीत ‘कॅच’ हा शब्द आहे. तो आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. चेंडू वर उडाला की आपण ‘कॅच, कॅच’ असे ओरडतो. मला वाटायचे की कॅच म्हणजे झेल, झाले. पण गुरुजींनी सांगितले की हा शब्द पुष्कळ कामे करतो. ती कामे मी येथे लिहीत आहे.

१) धरणे, पकडणे. ‘वुई कॅच फिश’ म्हणजे आम्ही मासे धरतो. पावसाळ्यात आपण बोडीत मासे धरतो, तेच.

२) गाडी सापडणे. ‘कॅच द बस’ म्हणजे एस.टी. गाठणे. एस.टी.ला कोणी हाताने पकडत नाही. वेळेवर जाऊन तिच्यात बसायचे.

३) सर्दी होणे. ‘कॅच अ कोल्ड’ असे म्हणतात. मराठीत सर्दी आपल्याला होते. इंग्रजीत आपणच सर्दीला पकडतो! हे ऐकून सारा वर्ग हसला.

४) पेट घेणे. ‘कॅच फायर’ म्हणजे आग लागणे. उन्हाळ्यात वाळलेला पाला लवकर पेट घेतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून काही लोक झाडाखालचा पाला जाळतात. त्यानेच जंगलात वणवा लागतो. म्हणून पाला झाडून घ्यावा, जाळू नये.

५) कॅमेऱ्यात येणे. ताडोबाच्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधतात. वाघ समोरून गेला की आपोआप फोटो निघतो. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. म्हणून फोटो पाहून वाघ ओळखता येतो. येथे वाघ ‘कॅच’ होतो, पण पिंजऱ्यात जात नाही.

आता रूपे पाहा. मी ‘कॅच’ करतो, तो ‘कॅचेस’, आणि काल झाले असेल तर ‘कॉट’. स्पेलिंग सी-ए-यू-जी-एच-टी. यातले जी आणि एच मुकेच राहतात. खाटेलाही कॉट म्हणतात, पण तिचे स्पेलिंग सी-ओ-टी.

हे रूप माझ्या कायमचे ध्यानात राहिले. त्याचे कारण सांगतो. गुरुजींनी ‘कॅच’ घालून एक खरे वाक्य लिहायला सांगितले होते. मी लिहिले, ‘द टायगर कॅच्ड अवर काऊ.’ गुरुजींनी ‘कॅच्ड’ खोडून ‘कॉट’ लिहिले. मग त्यांनी विचारले, “हे खरे आहे का रे?” मी हो म्हटले. मागच्या दिवाळीनंतर आमची कपिली चरायला गेली ती परत आली नाही. वाघाने तिला नाल्याजवळ धरले. वनविभागाचे लोक आले. त्यांनी पंचनामा केला. नंतर नुकसानीचे पैसे मिळाले. पण कपिलीचे वासरू रात्रभर हंबरत होते. आई त्याचे दावे धरून गोठ्यातच बसली होती. आजी म्हणाली, “बाई, धीर धर.”

मी गुरुजींना विचारले, “धीर धर, हे ‘कॅच’ने सांगता येते का?” गुरुजी म्हणाले, “नाही. कॅच म्हणजे एका क्षणात पकडणे. पकडलेले सोडायचे नाही, त्याला ‘होल्ड’ म्हणतात.” म्हणजे वाघाने गाय धरली ते कॅच, आणि आईने दावे धरून ठेवले ते होल्ड. धीराला मात्र दोन्ही चालत नाहीत. त्याला इंग्रजीत वेगळेच शब्द आहेत. आपल्या मराठीत सगळ्याला एकच ‘धरणे’ पुरते. हात धरतात, वाट धरतात, उपास धरतात, झाडाला फळ धरते.

आपल्या गावाजवळ इरई धरण आहे. पाणी धरून ठेवते ते धरण. त्याचे पाणी चंद्रपूर शहराला आणि वीज केंद्राला जाते. ज्या भागात पडलेला पाऊस वाहत वाहत धरणात येतो, त्या भागाला मराठीत पाणलोट क्षेत्र आणि इंग्रजीत ‘कॅचमेंट’ म्हणतात. त्यातही कॅच आहेच! पाणलोटात जंगल असले की माती वाहून जात नाही आणि धरण गाळाने भरत नाही. म्हणजे जंगल वाघाचे आहे तसे आपल्या पाण्याचेही आहे.

आता आमचे वासरू मोठे झाले आहे. बाबा त्याला एकटे जंगलात सोडत नाहीत. आम्ही पण सरपणाला एकटे जात नाही, चारपाच जण मिळून बोलत बोलत जातो. तुम्ही पण तसेच करा.

शेवटी एक अभ्यास देतो. ‘कॅच’ घालून प्रत्येकाने एक खरे वाक्य लिहावे आणि या फळ्याखाली लावावे. माझे काही चुकले असल्यास मोठ्यांनी सांगावे.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी, मोहर्ली