लिहिले आहे तेच वाचणे

"खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा," हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांस सोपा वाटतो. उत्तर समोरच्या उताऱ्यातच असते, पाठांतराची गरज नसते, मग त्याचा अभ्यास तो काय करावयाचा, असे ते म्हणतात. तथापि ह्याच प्रश्नात चांगले हुशार विद्यार्थीही गुण गमावून बसतात. असे का होते ह्याचा उलगडा व्हावा, म्हणून आम्ही आपणांस ब्राझील देशाकडे नेणार आहो. तेथील लोकांची भाषा पोर्तुगीज. इंग्रजी त्यांस आपल्याप्रमाणेच परभाषा म्हणून शिकावी लागते, आणि तेथील सरकारी नोकरीच्या अनेक परीक्षांत इंग्रजी उतारा वाचून त्याचा अर्थ सांगावा लागतो.

ह्या चढाओढीच्या परीक्षेस तिकडे 'कोंकुर्सु' असे म्हणतात. १९८८ सालच्या राज्यघटनेच्या ३७ व्या कलमाने असे ठरविले आहे की, सरकारी जागेवरील नेमणूक परीक्षेवाचून होऊ नये. विश्वासाच्या म्हणून कायद्याने वेगळ्या काढलेल्या काही जागा तेवढ्या ह्यास अपवाद. ज्याचा कोणी वशिला नाही अशा गरिबाच्या मुलालाही ह्या दाराने आत जाता येते. म्हणून दिवसा काम करून रात्री अभ्यासास बसणारे उमेदवार त्या देशात पुष्कळ आढळतात.

आता इंग्रजीचा वाटा पाहा. 'बांकु दु ब्राझील' ह्या मोठ्या बँकेने २०२१ साली कारकुनांच्या जागांसाठी परीक्षा घेतली. तीत एकंदर ७० प्रश्न होते व त्यांपैकी ५ इंग्रजीचे होते. पाच म्हणजे किती थोडे, असे वाटेल. परंतु जेथे एकेका गुणाने उमेदवार मागे पडतो, तेथे पाच प्रश्न थोडे नव्हेत. विद्यापीठ-प्रवेशासाठी जी 'एनेम' नावाची राष्ट्रीय परीक्षा होते, तीतही २०१० पासून परभाषेचे ५ प्रश्न असतात. विद्यार्थ्याने इंग्रजी किंवा स्पॅनिश यांपैकी एक भाषा निवडावयाची. तेथे उतारा परभाषेत असला तरी प्रश्न पोर्तुगीजमध्ये विचारतात. ह्यावरून परीक्षकाचा हेतू स्पष्ट होतो. विद्यार्थी इंग्रजी किती झोकात बोलतो हे त्यास पाहावयाचे नसून, लिहिलेले त्यास नीट कळले की नाही एवढेच पाहावयाचे असते.

ब्राझीलच्या विद्यार्थ्यास एक सोय आहे, आणि तीच त्याची पहिली अडचण होय. पोर्तुगीज ही लॅटिनची कन्या. इंग्रजीनेही लॅटिनमधून व फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले आहेत. त्यामुळे इंग्रजी उताऱ्यात त्यास ओळखीचे चेहरे जागोजाग दिसतात. 'इम्पॉर्टंट' पाहताच त्यास आपला 'इम्पोर्तान्ते' आठवतो, आणि तो बरोबरही असतो. पण सारेच चेहरे विश्वासाचे नसतात. इंग्रजीत 'पेरेंट्स' म्हणजे आईबाप. पोर्तुगीजमध्ये 'पारेन्तेस' म्हणजे नातलग. 'प्रिटेंड' म्हणजे सोंग करणे; 'प्रेतेन्देर' म्हणजे मनात योजणे. 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय. 'लिव्रारिया' म्हणजे पुस्तकांचे दुकान. 'ॲक्च्युअली' म्हणजे वस्तुतः. 'आतुआल्मेन्ते' म्हणजे सध्या. घाईने वाचणारा उमेदवार येथे फसतो, कारण तो उताऱ्यातला शब्द न वाचता आपल्या घरचाच शब्द वाचतो.

ह्या फसगतीस हसू नये. आपल्याकडील 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांनीच आणलेला. त्यांच्या भाषेत ते 'पैसे चुकते करणे' ह्या अर्थाचे क्रियापद आहे, आणि आपण त्याचा अर्थ 'वेतन' असा करितो. हिंदी वृत्तपत्रात 'शिक्षा' हा शब्द पाहून जो मराठी मुलगा दंड समजेल, त्याची चूक याच जातीची. शब्द ओळखीचा वाटला की तेथे क्षणभर थांबावे, आणि मागच्यापुढच्या वाक्यांत तो अर्थ बसतो काय हे पाहावे.

दुसरी अडचण लहान शब्दांची. आमच्या अनुभवाने विद्यार्थी मोठ्या शब्दास भितो, पण नापास होतो तो लहान शब्दांमुळे. पुढील इंग्रजी वाक्य आम्ही सरावाकरिता रचिले आहे: "द बँक हार्डली एव्हर क्लोजेस इट्स ओल्डर ब्रँचेस, ऑलदो सम ऑफ देम नाऊ ओपन लेटर." म्हणजे, बँक आपल्या जुन्या शाखा जवळजवळ कधीच बंद करीत नाही, जरी त्यांपैकी काही आता उशिरा उघडतात. आता तीन विधाने तपासा.

१. बँक जुन्या शाखा वारंवार बंद करते. हे चूक. 'हार्डली' ह्या एका शब्दाने वाक्य उलटे फिरविले आहे. त्यात 'नॉट' नसल्यामुळे घाईच्या वाचकास नकार दिसत नाही.

२. काही जुन्या शाखांची उघडण्याची वेळ बदलली आहे. हे बरोबर. 'नाऊ' व 'लेटर' हे दोन शब्द मिळून तसे सांगतात. मात्र 'काही' च्या जागी 'सर्व' असते, तर हेच विधान चुकले असते.

३. खर्च वाचविण्यासाठी शाखा उशिरा उघडू लागल्या. हेही चूक. कारण संभवनीय आहे, कदाचित खरेही असेल. परंतु वाक्यात ते कोठेही दिलेले नाही. उताऱ्याचा आधार विचारला असता, आपल्या तर्काचा आधार देता येत नाही.

ह्या तिसऱ्या प्रकारच्या विधानाने हुशार मुलगा फसतो. त्यास विषयाची माहिती असते, म्हणून लेखकाने न सांगितलेलेही तो लेखकाच्या तोंडी घालतो. मंद मुलगा कमी वाचतो, हुशार मुलगा जास्त वाचतो; लिहिले आहे तेवढेच वाचणारा विरळा.

ब्राझीलमधील 'सेब्रास्पे' नामक परीक्षा-संस्थेची एक रीत येथे सांगण्यासारखी आहे. तिच्या अनेक परीक्षांत प्रत्येक विधानापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' एवढीच खूण करावयाची असते. पण एक उत्तर चुकले की बरोबर आलेल्या एका उत्तराचा गुण रद्द होतो. आणि जागा कोरी ठेविली, तर गुण मिळतही नाही व जातही नाही. शंभर विधानांपैकी साठ बरोबर व चाळीस चूक केली, तर हाती वीसच गुण उरतात. पन्नास बरोबर, दहा चूक व चाळीस कोरी ठेवणारा चाळीस गुण मिळवितो. म्हणजे ज्याची बरोबर उत्तरे कमी, तो दुप्पट गुणांनी पुढे जातो. मला हे ठाऊक नाही, असे स्वतःशी प्रामाणिकपणे म्हणता येणे हा सद्गुण आहे हे आपण नीतिपाठात शिकतो. तेथे त्यास रोकडी किंमत आहे.

मग सराव कसा करावा? ह्या बाबतीतही ब्राझीलने चांगली वाट पाडून दिली आहे. १९८० च्या सुमारास साओ पावलो येथील पोंतिफिकल कॅथॉलिक विद्यापीठातील प्राध्यापिका मारिया आंतोनिएता सेलानी यांच्या देखरेखीखाली विद्यापीठांतून इंग्रजी शिकविण्याचा एक राष्ट्रीय उपक्रम चालू झाला. पुष्कळ विद्यार्थ्यांस इंग्रजीची गरज आपल्या विषयाचे ग्रंथ वाचण्यापुरतीच असते, हे ओळखून त्यात वाचनावर भर दिला, आणि समजावून सांगण्यास मातृभाषेचा उपयोग करण्यात कमीपणा मानिला नाही. ह्या शिक्षणास तिकडे 'साधनरूप इंग्रजी' अशा अर्थाचे नाव पडले. त्या धोरणास अनुसरून आम्ही आपल्या विद्यार्थ्यांस पुढील क्रम सुचवितो.

प्रथम मथळा वाचून उतारा कशाविषयी असेल याचा अंदाज करावा. नंतर प्रश्न वाचावे, म्हणजे काय शोधावयाचे ते कळते. मग शब्दकोश न उघडता उतारा शेवटपर्यंत एकदा वाचावा. अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढून पुढे जावे. दुसऱ्या वाचनात 'बट', 'अनलेस', 'ओन्ली', 'हार्डली' असे लहान शब्द वर्तुळात घ्यावे. उत्तर देताना ज्या ओळीत आधार सापडला तिचा आकडा समासात लिहावा. ओळ सापडत नसेल तर ते उत्तर आपले आहे, लेखकाचे नव्हे. शेवटी शब्दकोश उघडावा, आणि उताऱ्याचा सारांश दोन वाक्यांत मराठीत लिहावा. जे मराठीत सांगता येत नाही, ते इंग्रजीत कळलेले नाही असे खुशाल समजावे. चुकलेल्या उत्तरांची वही वेगळी ठेवून, चूक शब्दाची, लहान शब्दाची की तर्काची, हे प्रत्येकापुढे लिहावे. महिन्याभरात आपला शत्रू कोणता ते त्या वहीतून दिसेल.

युक्त्यांनी सर्व काही साधते असे मात्र कोणी समजू नये. ज्याचा शब्दसंग्रह तोकडा त्यास अंदाजही करिता येत नाही. रोज वीस मिनिटे नेमाने वाचणे ह्यास पर्याय नाही.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आपणांस इंग्रजी येत नसले तरी ह्या अभ्यासात आपणांस मुलांचे साह्य करिता येईल. मुलगा उत्तर सांगू लागला की त्यास एवढेच विचारावे, "हे कोठे लिहिले आहे? बोट ठेवून दाखव." हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही.

प्रभूने एका शास्त्र्यास जो प्रश्न केला, त्यात लिहिलेले काय आहे आणि त्याच्या वाचनात काय आले आहे, ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या आहेत. ह्या दोहोंत अंतर पडू शकते, म्हणूनच तसे विचारावे लागते. पुढे आपल्या हाती कर्जरोखा येईल, कोर्टाचा कागद येईल, औषधाच्या बाटलीवरील सूचना येईल, दुसऱ्याविषयी लिहिलेली बातमी येईल. तेथे गुण देणारा परीक्षक नसेल. चुकीच्या वाचनाचे मोल आपणांस किंवा आपल्या शेजाऱ्यास द्यावे लागेल. आपल्या इच्छेस व तर्कास क्षणभर बाजूस बसवून, लिहिणाऱ्याने जे म्हटले तेवढेच ऐकण्याची सवय मुलांस शाळेतच लागावी, एवढीच आमची इच्छा आहे.