झाड तोडायचा दर : मजुरी वेगळी, लाकूड वेगळं



शिमगा सरला की आपल्याकडे पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौलं परतायची, जळण भरायचं, आणि मग नजर जाते घरावर झुकलेल्या झाडाकडे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून कोकणात घरालगतचं मोठं झाड म्हटलं की छातीत धस्स होतंच. म्हणून या अंकातला पाठ झाड तोडण्याच्या दरावर आहे. तोडणारा जो आकडा सांगतो तो रास्त आहे का, हे आपलं आपण कसं ठरवायचं?

आधी माझी एक चूक सांगते. गेल्या वर्षी आपल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी १२,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. घरामागचा फणस कौलांवर आला होता आणि मालक कामाला मुंबईला. ठेकेदाराने १२,००० सांगितले होते. मी त्या बैठकीला होते. हप्ता किती, व्याज किती, जामीन कोण, हे सगळं आम्ही विचारलं. लाकडाचं कुणीच विचारलं नाही, मीही नाही. झाड पडलं, ओंडके ट्रॉलीत भरून गेले, अंगणात फक्त पाचोळा राहिला. महिन्याभराने पहिला हप्ता भरताना ताईंनी मला विचारलं, "ताई, दर बरोबर होता का हो?" मला उत्तर देता आलं नाही.

मग मी झाड तोडणाऱ्या दोघांशी बोलले, एका वखारीत जाऊन आले, वन विभागाच्या कार्यालयात चौकशी केली. उत्तर मिळालं ते असं: मजुरीचा आकडा रास्त होता, व्यवहार मात्र रास्त नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या कशा, ते आता पाहू.

मजुरी इतकी का?

रानातलं झाड आणि घरावरचं झाड यांत फरक आहे. रानात बुंध्याशी करवत लावली की झाड आडवं होतं. घरावरचं झाड शेंड्यापासून तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं. एक माणूस वर चढतो, प्रत्येक फांदी दोराने बांधतो, कापतो, आणि खालचे दोघे-तिघे दोर धरून ती हळूहळू खाली सोडतात. शेजारून विजेची तार जात असेल तर महावितरणच्या कार्यालयात सांगून लाइन बंद करून घ्यावी लागते. तेवढा वेळ माणसं थांबून राहतात, त्यांचा रोज चालूच असतो.

हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते गोल धरलेत, तुमच्या गावातला रोज तुम्ही घाला.

- चढणारा एक, दोन दिवस, रोज १,५०० : ३,००० रुपये
- खालची माणसं तीन, दोन दिवस, रोज ६०० : ३,६०० रुपये
- मशीनची करवत, पेट्रोल, दोर : १,५०० रुपये
- ट्रॅक्टर : १,५०० रुपये

एकूण ९,६०० झाले. ठेकेदाराची जोखीम आणि नफा म्हणून २,४०० धरले तर बरोबर १२,००० होतात. म्हणजे आकडा ऐकून "बाई गं, एवढे!" असं वाटलं तरी तो लूट असतोच असं नाही. एक कळकळीची विनंती आहे, चढणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. जो सर्वात कमी पैसे सांगतो तो बहुतेक वेळा माणसं कमी आणतो आणि दोर-पट्टाही आणत नाही. माणूस पडला तर तो आपल्या अंगणात पडतो.

मग लाकडाचं काय?

वखारीत लाकूड घनफुटावर घेतात. मोजायची जुनी रीत सोपी आहे, शिवणकामाची टेप पुरे. टेप साठ इंचांची असते. झाड त्याहून जाड असेल तर सुतळी गुंडाळा आणि मग ती सुतळी मोजा.

१. खोडाचा घेर इंचात मोजा. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्या, पडलेल्या ओंडक्याचा मधोमध.
२. घेराला ४ ने भागा.
३. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा.
४. त्याला सरळ खोडाच्या लांबीने गुणा. लांबी फुटांत घ्या.
५. शेवटी १४४ ने भागा. आले घनफूट.

आपल्या फणसाचा घेर ६० इंच आणि सरळ खोड १० फूट धरा. ६० भागिले ४ म्हणजे १५. पंधरा पंधरे २२५. गुणिले १० म्हणजे २,२५०. भागिले १४४ म्हणजे साडेपंधरा घनफुटांच्या थोडं वर. वखारीचा दर समजा घनफुटाला ५०० असेल तर नुसत्या खोडाचे ७,७५० रुपये झाले. फांद्यांचं जळण वेगळंच. उभ्या झाडावर वरचा निमुळता भाग मोजता येत नाही, म्हणून हा अंदाज थोडा जास्त येतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आता ताईंचा व्यवहार पुन्हा बघा. ठेकेदाराला मजुरी पूर्ण मिळाली आणि वर लाकूडही मिळालं. बोलणं एकाच वाक्यात झालं होतं: "बारा हजारात सगळं साफ करून देतो." त्या 'सगळं साफ'मध्ये फणसाचं खोडही गेलं. लाकूड वजा धरलं असतं तर ताईंना साधारण सव्वाचार हजारच द्यावे लागले असते. राहिलेल्या पावणेआठ हजारांवर त्या आजही गटाला व्याज भरताहेत.

प्रत्येक झाडाला अशी किंमत येते असं नाही. फणस, साग, आंबा, जांभूळ यांच्या सरळ खोडाला गिऱ्हाईक असतं. गुलमोहर, शेवगा यांना जळणापलीकडे फारसं मोल नाही, तिथे मजुरी पूर्ण आपल्यालाच द्यावी लागते. फणस आतून पोखरलेला असेल तरी व्यापारी घेणार नाही. म्हणून दर विचारायच्या आधी खोडावर लाकडाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आशा कमी ठेवा.

परवानगी कुणी काढायची?

महाराष्ट्रात झाडं तोडण्याबद्दलचा कायदा १९६४ पासून आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडं येतात. ही झाडं आपल्या परसात असली तरी वन विभागाची परवानगी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे अर्ज नगरपरिषदेकडे जातो. अर्जात झाड घराला धोकादायक आहे हे स्पष्ट लिहा आणि फोटो जोडा. सातबारावर इतरांची नावं असतील तर त्यांची संमती आधीच घ्या.

ठेकेदार म्हणतो, "परवानगीचं मी बघतो." बघू दे, पण कागद हातात आल्याशिवाय करवत लावू देऊ नका. झाड आपल्या नावावर आहे, विचारणा आपल्यालाच होणार.

तोडायलाच हवं का?

जमिनीला नवी भेग पडली असेल, मुळं उचलली असतील, बुंध्याशी अळंबी उगवत असतील किंवा झाड अलीकडे जास्त झुकलं असेल, तर धोका खरा आहे. यातलं काही नसेल आणि फक्त फांद्याच कौलांवर आल्या असतील, तर छाटणीने भागतं आणि खर्चही कमी येतो. फणस वर्षानुवर्षं घरात फळ देतो. ते उत्पन्नही हिशोबात धरा.

बोलणी करताना

- दर निदान तिघांकडून घ्या. प्रत्येकाला दोन आकडे विचारा: लाकूड आम्ही ठेवलं तर किती, तुम्ही नेलं तर किती?
- वखारीत स्वतः दर विचारून या. एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघी सोबत न्या.
- ठरलेलं कागदावर लिहा: बुंधा किती उंचीवर कापणार, फांद्या कोण उचलणार, कौलं किंवा पत्रे फुटले तर भरपाई कोण देणार, माणसाला लागलं तर दवाखाना कोण करणार.
- सगळे पैसे आधी देऊ नका. काही आगाऊ द्या, बाकीचे अंगण मोकळं झाल्यावर.
- काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. वादळाचा इशारा आल्यावर सगळ्यांनाच घाई असते, तेव्हा दर चढतो आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही.
- वाडीतली तीन-चार झाडं एकदम काढली तर मशीन आणि ट्रॅक्टरचा फेरा वाटून घेता येतो.
- काम चालू असताना पोरं, गुरं, कोंबड्या लांब ठेवा.

गटासाठी सराव

पुढच्या बैठकीला टेप आणि सुतळी घेऊन या. बैठक झाली की जवळच्या एका झाडाचा घेर मोजा, वर दिलेल्या रीतीने घनफूट काढा आणि उत्तर इतिवृत्ताच्या वहीत लिहा. झाड तोडण्यासाठी कुणी कर्ज मागितलं तर अर्जासोबत तिघांचे दर आणि लाकडाचा अंदाज जोडायला सांगा. त्या ताईंना अडवायला नाही, त्यांचं कर्ज लहान व्हावं म्हणून.

पंचसूत्रीत आपण हिशोब लिहायला शिकलो, तो गटाच्या वहीपुरता ठेवायचा नाही. ज्या ताईंची गोष्ट सांगितली, त्यांच्या जाऊबाईंचा आंबा यंदा काढायचा आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, घेर बावन्न इंच आलाय. पुढं कशानं भागायचं?"

आपली,
क्षेत्र समन्वयक