शब्दयोगी अव्ययांचे अर्थग्रहण : खानदेशी बालभाषेच्या संदर्भात

इंग्रजीत संबंधदर्शक शब्द नामाआधी येतो. मराठीत तो नामाला मागून जोडला जातो. ज्युडिथ जॉन्स्टन व डॅन स्लोबिन यांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन व तुर्की बोलणाऱ्या मुलांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. 'आत', 'वर', 'खाली' हे अर्थ मुलांना 'दोहोंच्या मध्ये', 'पुढे', 'मागे' या अर्थांआधी साधतात, असे त्यात आढळले.

तथापि रूप येणे म्हणजे त्याचे सर्व अर्थ येणे नव्हे. 'ताटावर भाकरी' यातील 'वर' मुलाला डोळ्यांनी दिसतो. 'भिंतीवर पाल' यात खालचा आधार उरत नाही. 'जेवल्यावर' यात तो कालवाचक होतो, तर 'आईवर रुसला' यात भावनेचा रोख दाखवितो. अर्थाचा हा विस्तार स्थलाकडून काळाकडे व मनाकडे होतो.

जळगाव-धुळे परिसरातील अहिराणीभाषक मुलापुढे आणखी एक पायरी असते. अहिराणीत 'घरमा', 'गावमा' असा अधिकरणाचा प्रत्यय नामाला सरळ लागतो. प्रमाण मराठीत 'घरात', 'गावात' असे नामाचे सामान्यरूप होते. शाळेत 'घरमा' लिहिणाऱ्या मुलाजवळ 'आत' ही संकल्पना पूर्ण असते. निराळे असते ते केवळ रूप. म्हणून अर्थाची चूक व रूपाचा भेद शिक्षकाने वेगळे ओळखावयास हवेत. अन्यथा मुलाला आपल्या घरची भाषाच चुकीची वाटू लागते, आणि मग ते वर्गात बोलेनासे होते.