साहसकथा आणि भूमिका-खेळ

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• लोकप्रिय साहसकथेची वैशिष्ट्ये सांगता येतील.
• साहसकथा व भूमिका-खेळ यांच्या कथनातील फरक स्पष्ट करता येईल.
• परिचित परिसरावर आधारित साहसमोहीम आखता येईल.

प्रास्ताविक
बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून बनविलेल्या स्वस्त कागदावर साहसकथांची मासिके निघत. त्या लगद्यावरूनच अशा कथांना ‘पल्प’ हे नाव पडले. वेगवान घटना, धाडसी नायक व ताणलेली उत्कंठा ही या लेखनाची सामान्य लक्षणे होत. नायक संकटातून सुटणार हे वाचकाला ठाऊक असते. तो कसा सुटणार, एवढेच कुतूहल उरते.

विवेचन
१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. अशा भूमिका-खेळात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. इतर खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात. निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. अनेक बैठकींत चालणाऱ्या सलग कथेस ‘मोहीम’ म्हणता येईल.

‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळातील नियम आपल्या विषयास उपयुक्त आहे. दोन फाशांच्या बेरजेत पात्राच्या गुणाचा अंक मिळवतात. १० किंवा अधिक आल्यास यश. ७ ते ९ आल्यास यश मिळते, पण त्याची किंमत मोजावी लागते. ६ किंवा कमी आल्यास सूत्रधार नवे संकट पुढे आणतो. म्हणजेच अपयशाने कथा थांबत नाही, ती वळण घेते.

आता एक काल्पनिक मोहीम पाहू. साठच्या दशकात परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर धरणाचे काम चालू आहे. बुडीत क्षेत्रातील एका गावाच्या जमिनीच्या कागदपत्रांची पेटी चोरीस गेली आहे. ती न मिळाल्यास कुटुंबे मोबदल्यास मुकतील. नावाडी, शिक्षिका व धरणावरील मजूर ही खेळाडूंची पात्रे आहेत. नावाडी रात्री पुरातून पेटी पलीकडे नेऊ पाहतो. बेरीज ८ आली, तर पेटी पोहोचते, पण नाव वाहून जाते. बेरीज ५ आली, तर पैलतीरावर चोरच वाट पाहत उभे असतात.

येथे सूत्रधाराने शेवट ठरवून ठेवू नये. कोणाला काय हवे आहे, काय पणाला लागले आहे आणि वेळ किती उरला आहे, एवढेच ठरवावे. संस्कृत नाटकातील सूत्रधारास नाट्यवस्तू आधीच ज्ञात असते. या सूत्रधारास ती खेळाडूंबरोबरच कळत जाते. शेवट आधी ठरला, की खेळाडू पुन्हा केवळ श्रोते होतात.

जुन्या पल्पकथांचा एक दोषही ध्यानात घ्यावा. त्यांत परका नायक पराक्रम गाजवी आणि स्थानिक माणूस वाटाड्या किंवा खलनायक ठरे. वरील मोहिमेत स्थानिक माणसेच नायक आहेत. त्यामुळे खजिन्याऐवजी त्यांची जमीन व तिचा मोबदला हा कथेचा विषय झाला.

सारांश
छापील साहसकथेत नायकाची सुटका लेखकाच्या हाती असते. भूमिका-खेळात ती खेळाडूंचे निर्णय व फासे यांवर अवलंबून असते. म्हणून तेथील धोका खरा वाटतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘अपयशाने कथा वळण घेते’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. दोन्ही प्रकारच्या सूत्रधारांची तुलना करा.

उपक्रम
आपल्या गावातील एखादे धरण, बाजार किंवा स्थानक निवडा. तेथे घडणाऱ्या मोहिमेचा पहिला प्रसंग १५० शब्दांत लिहा. शेवट लिहू नका.