दत्तकपणा आणि जन्मदात्यांचा शोध

शास्त्रभाग : निर्गम 2:1-11, निर्गम 6:20, रोमकरांस पत्र 8:14-17

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील ‘दत्तकपणा’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. मूळ ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’, म्हणजे पुत्राच्या स्थानी बसविणे. काही वर्षांपूर्वी चेन्नई येथे भाषांतरकारांच्या एका बैठकीत या शब्दावर चर्चा चालली असता तमिळ बंधूंनी त्यांच्या बायबलमधील शब्द सांगितला : ‘पुत्रस्वीकार’. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, परंतु तमिळ शब्द घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो, तर आपला शब्द देणाऱ्याच्या बाजूने. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. दिलेला म्हटले की देणारा कोणीतरी असलाच पाहिजे. मराठी शब्दात जन्मदाते असे दडून बसलेले आहेत, हे इतकी वर्षे भाषांतराचे काम करूनही माझ्या ध्यानी आले नव्हते.

हा शब्द आपल्या पूर्वजांनी धर्मशास्त्रातून उचलला. मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. संकटकाळी आईने अथवा बापाने पाणी सोडून दिलेला तो दत्त, विकत घेतलेला तो क्रीत, आणि आईबापांनी टाकलेला व परक्याने उचललेला तो अपविद्ध. त्या यादीत चोरून आणलेल्या मुलाला मात्र नाव नाही.

ज्या नगरीत आम्ही बसलो होतो, तेथेच अशा नावाची गरज पडली होती. 2005 साली चेन्नई पोलिसांच्या तपासातून असे पुढे आले की, 1990 च्या दशकाच्या अखेरीस पुळियान्तोपसारख्या गरीब वस्त्यांतून लहान मुले पळविण्यात आली होती. ‘मलेशियन सोशल सर्व्हिसेस’ या दत्तकसंस्थेमार्फत त्यांपैकी काही मुले नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत पोहोचली. कागदोपत्री ती आईने स्वखुशीने सोपविलेली होती. इकडे आईबाप पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवीत होते. तिकडे दूरदेशी सज्जन दांपत्ये, देवाने आपल्याला लेकरू दिले म्हणून उपकारस्तुती करीत होती. त्या उपकारस्तुतीत कपट नव्हते, आणि ही गोष्ट सर्वांत अधिक दुःखदायक आहे.

आता अशा मुलाची दशा मनात आणा. ते मोठे झाले. आपला वर्ण घरातील माणसांहून निराळा का, हे त्याला समजले. त्याने आपले कागद मागविले. कागदावर अंगठा आहे, नाव आहे, परंतु ते नाव खरे कशावरून? ‘आई, तू मला का दिलेस?’ हा प्रश्न त्याने बालपणापासून उराशी बाळगला. तिने दिलेच नव्हते, असे निघाले तर? ज्या आईवर त्याने मनातल्या मनात इतकी वर्षे दोष ठेवला, तीच त्याला शोधीत होती असे निघाले तर?

सर्वच प्रकरणे अशी नसतात, हेही सांगितले पाहिजे. चेन्नई परिसरातील एका बालगृहातून 1970 च्या दशकात डेन्मार्कला दत्तक गेलेल्या एका गृहस्थाला चार दशकांनंतर, 2019 साली, आपली आई सापडली. पहिली भेट दूरध्वनीच्या पडद्यावर झाली. आईने दारिद्र्यामुळे मुले बालगृहात ठेवली होती. पोटाला मिळावे म्हणून ठेवणे आणि कायमचे देऊन टाकणे, यांतील अंतर तेव्हा तिला कोणी समजावून दिले होते काय? ‘दत्त’ आणि ‘हृत’ यांच्यामधला हा प्रदेश फार विस्तीर्ण आहे.

येथे आपल्या व्यासपीठांविषयी थोडे बोलतो. उपदेशक बंधूंनी राग मानू नये. रोम. 8 वर संदेश देताना आपण म्हणतो की, दत्तक घेतलेल्याचे जुने नाते समूळ पुसले जाते. रोमी कायद्यात दत्तकपुत्र पहिल्या बापाच्या सत्तेतून बाहेर पडत असे, हे खरे. तथापि त्याच रोममध्ये एमिलियस पॉलस याचा मुलगा सिपिओच्या घराण्यात दत्तक गेला तेव्हा त्याचे नाव सिपिओ एमिलियानस झाले. नव्या घराण्याचे नाव पुढे, आणि जन्मकुळाची खूण मागे. पुसून टाकण्याचा दृष्टान्त आपण आपल्या पदरचा घातला आहे. मंडळीत कोणी दत्तक लेक बसलेली असेल, तर त्या दृष्टान्ताने तिला एवढेच कळते की विचारणे म्हणजे कृतघ्नपणा.

मोशेकडे पाहा. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे नाव पाण्यातून ओढून काढण्याच्या इब्री क्रियापदाशी जोडलेले आहे. परंतु मिसरी भाषेत ‘मेस’ म्हणजे जन्मलेला, पुत्र. थुटमोस म्हणजे थोथ देवापासून जन्मलेला. अनेक अभ्यासकांच्या मते मोशेच्या नावातही हाच शब्द आहे, फक्त पुढचा अर्धा भाग नाही. ‘च्यापासून जन्मलेला’; पण कोणापासून? ज्यांनी जन्मदात्यांचा शोध घेतला आहे, त्यांना हे अर्धे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

अकराव्या वचनात मोशे मोठा होऊन आपल्या बांधवांकडे जातो. ते आपले बांधव हे त्याला कोणी सांगितले, याविषयी शास्त्र मौन धरते. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तो फारोच्या कन्येचा पुत्र म्हणवून घेण्यास नाकारतो. त्यावरून ‘एक आई निवडा, दुसरी सोडा’ असा धडा काढणे मला पटत नाही. त्याने नाकारले ते राजवाड्याचे स्थान. त्या स्त्रीने ठेवलेले नाव मात्र त्याने अखेरपर्यंत धारण केले, आणि देवानेही झुडपातून त्याला त्याच नावाने हाक मारली.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. शोध घेण्याची वाट आज कायद्यात आहे. 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असल्यास दत्तक आईबापांसह. अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण (कारा), जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा संबंधित दत्तकसंस्था यांच्याकडे करता येतो. तिसऱ्या माणसाला हा शोध घेता येत नाही. आईने मूल सोपविताना आपले नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर तिची संमती घ्यावी लागते. तिने नकार दिल्यास मूल कोणत्या परिस्थितीत सोपविले गेले एवढे तरी अर्जदाराला सांगावे लागते. काहींना ही अट जाचक वाटते. मला ती न्याय्य वाटते, कारण त्या आईने कदाचित पुढे संसार मांडला असेल आणि घरात कोणालाच काही ठाऊक नसेल.

सगळ्यांनाच उत्तर मिळेल असे नाही. तामिळनाडू सरकारने 1992 साली पाळणा योजना सुरू केली, तिच्या पाळण्यांत नाव न सांगता ठेवलेल्या मुली आज तिशीत आहेत. त्यांचे प्राण वाचले. पण आईचा अर्ज नाही, अंगठा नाही.

दुसरी गोष्ट ख्रिस्ती घरांची. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंसाठी (आणि बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी) होता. बालन्याय कायद्याने वाट मोकळी करीपर्यंत आपल्या घरांत मूल आले ते बहुधा 1890 च्या कायद्याखाली ‘पालकत्व’ म्हणून. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येते. म्हणून जुन्या पिढीतील कोणी शोध घेत असेल, तर दत्तकपत्र मिळत नाही म्हणून निराश होऊ नये. जिल्हा न्यायालयातील पालकत्वाच्या अर्जाची नक्कल मागावी. त्यासोबत बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी. पाळकबंधूंनो, कडेला पेन्सिलीने लिहिलेले एखादे गावाचे नाव, एखाद्या परिचारिकेची सही, हे कोणाच्या आयुष्यातले एकमेव धागे असू शकतात. वाळवी लागलेल्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा.

आणि दत्तक आईबापहो, आपले मूल अर्ज करणार म्हणते तेव्हा आपल्या काळजात कळ उठते, हे मी जाणतो. तिला रागाचे रूप देऊ नका. शक्य असेल तर कचेरीत तिच्यासोबत जा. तेथील बाकावर बसून वाट पाहणे एकट्याने फार कठीण असते.

शेवटी एक अभ्यास करा. निर्गम 2 पुन्हा वाचा आणि त्यात मोशेच्या आईबापांची नावे शोधा. ती तेथे नाहीत; लेवीच्या घराण्यातला एक पुरुष आणि लेवीची एक कन्या, एवढेच आहे. मग 6:20 काढा. चार अध्याय उलटल्यावर, मोशे ऐंशी वर्षांचा झाल्यावर, वंशावळीच्या रुक्ष ओळींत दोन नावे येतात : अम्राम आणि योखबेद.